फाट्याच्या आतलं गाव

निवृत्त माणसाचं पुढं काय करायचं ही काळजी घरच्यांना असते. त्या माणसाला ती नसते, कारण आपण निवृत्त झालोय हेच मुळी त्याला पटलेलं नसतं. उज्वलाबाई शिरसाठ एसटीतून निवृत्त झाल्या तेव्हा मुलानं मोठा टीव्ही आणला, शेजारणींनी भजनी मंडळात नाव घातलं, आणि आठव्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बाई म्हणाल्या, "आत्ता आपली गाडी चांदोरीत शिरली असती." नवव्या दिवशी त्याच सुरात निफाड आलं. दहाव्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुनेला "चला, पुढं सरका" म्हटलं, तेव्हा सुनेनं, म्हणजे सईनं, हसू दाबलं आणि सासूबाईंना काहीतरी काम द्यायला हवं असं मनाशी ठरवून टाकलं.

बाई पंचवीस वर्षं कंडक्टर होत्या, ती सगळी नाशिक-येवला रस्त्यावर. नोकरीला लागल्या तेव्हा खाकी कपड्यातली बाई बघायला लोक खिडकीतून माना बाहेर काढत. एकदा मागच्या सीटवरच्या एका टग्यानं शिट्टी मारली. बाईंनी त्याला सगळ्या गाडीसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "हं, आता नीट वाजव, सगळ्यांना ऐकू दे." त्याच्या तोंडातून नुसता वारा आला. त्यानंतर त्या रस्त्यावर बाईंच्या वाटेला कोणी गेलं नाही.

सई एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला आहे, नकाशे तिच्या रोजच्या हातातले. एका रविवारी तिनं लॅपटॉप उघडला आणि दाखवलं, की फोनमध्ये सगळ्यांचा जो नकाशा असतो त्यावर आपला स्वतःचा वेगळा नकाशा काढता येतो. हवी तिथं खूण करायची, हवा तो रंग द्यायचा, हवं ते नाव लिहायचं. मग तो नकाशा ज्याला पाठवू त्याच्या फोनवर उघडतो आणि रस्ता दाखवत चालतो.

"म्हणजे रूट माझा मीच लावायचा?" बाईंनी विचारलं.

"हो."

"डेपोला न विचारता?"

"कोणालाच न विचारता, आई."

बाईंचा चेहरा असा काही खुलला, की सईला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं.

मग काय, बाईंनी एक वही केली. रस्त्यानं जाताना वहीत टिपायचं आणि घरी येऊन लॅपटॉपवर चढवायचं. निळी खूण स्वच्छ संडासाची, तपकिरी चहाची, हिरवी सावलीची. वणीच्या गडावर जिथं पायऱ्यांना धरायला कठडा आहे तिथं पिवळी. आणि खुणांची नावं तर वाचण्यासारखी: 'चहा बरा, भजी नको.' 'कुलूप असतं, किल्ली पानवाल्याकडं.' 'मालकीणबाई चांगली, पाणी मागितलं तर लोटाभर देते.' दुनियेच्या नकाशात पेट्रोल पंप सापडतो, एटीएम सापडतं. पण साठीच्या बाईनं गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा काय शोधायचं असतं, ते उज्वलाबाईंच्याच नकाशात सापडायचं.

म्हसरूळच्या त्यांच्या कॉलनीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाईंनी बायकांची एक सहल वणीला नेली, दुसरी त्र्यंबकेश्वरला. दोन्ही वेळा कोणाचे पाय दुखले नाहीत, कोणाचं पोट बिघडलं नाही, कोणी कोणाशी भांडलं नाही. आणि यातली तिसरी गोष्ट म्हणजे चमत्कारच. निवृत्त मुख्याध्यापिका वत्सलाबाई जगातल्या प्रत्येक गोष्टीला शेरा देतात. त्यांनीसुद्धा व्हॉट्सअॅपवर लिहिलं, 'नियोजन उत्तम. सुधारणेस वाव नाही.' हा शेरा बाईंनी सईला तीनदा वाचून दाखवला.

तिसरी सहल येवल्याची ठरली. संक्रांत होऊन गेलेली, हवा गार, पैठणीचे माग बघायचे. पण बाईंच्या मनात माग नव्हते. त्यांच्या मनात बयाबाई होत्या.

बयाबाई म्हणजे त्यांची पंचवीस वर्षांची सवारी. रात्री येवल्याला मुक्काम करून पहाटे निघणारी गाडी घेऊन बाई नाशिककडं यायच्या, तेव्हा निफाडच्या अलीकडं, सावरगव्हाण फाट्यावर, दोन टोपल्या घेऊन बयाबाई उभ्या असायच्या. मेथी, कोथिंबीर, हंगामात हरभऱ्याच्या जुड्या. नाशकात निमाणीच्या स्टँडवर उतरायचं, पंचवटीत विकायचं आणि दुपारच्या गाडीनं परत. वयानं त्या बाईंपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, पण तोंड असं चालायचं की इंजिनानं लाजावं. आणि उतरताना रोज एक वाक्य ठरलेलं, "बाई, एकदा घरी ये माझ्या." बाई म्हणायच्या, "येईन गं मावशी, येईन," आणि घंटी द्यायच्या. गाडीला वेळ गाठायची असते. ती काय करणार?

मग अगदी शेवटी बयाबाईंचे गुडघे गेले आणि धंदा बंद झाला. पण गेल्या जूनमध्ये बाईंची शेवटची ड्यूटी होती, तेव्हा बयाबाई पहाटे मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून फाट्यावर आल्या. गाडीत चढल्या नाहीत. खालूनच म्हणाल्या, "आता तरी ये. आता तुला काय घंटी मारायची हाय?" "येते," एवढंच बाई म्हणाल्या. आणि ते 'येते' त्यानंतर सात महिने त्यांच्या मनाला टोचत राहिलं. आपण या बाईला आयुष्यभर खोटं बोललो असं त्यांना वाटायचं. हेतू खोटा नव्हता, पण खोटं ते खोटंच. म्हणून त्यांनी सहलीची आखणी करताना आधी निरोप धाडला, की बावीस तारखेला दुपारी आम्ही बारा जणी तुमच्याकडं जेवायला येतोय, आणि मगच येवल्याच्या विणकराला फोन केला.

बावीसला सकाळी सात वाजता ट्रॅव्हलर गाडी म्हसरूळहून निघाली. ड्रायव्हर योगेश, वय पन्नाशीच्या आसपास, अनुभव दांडगा आणि त्याची जाणीव त्याहून दांडगी. "मला रस्ता दाखवू नका बाई," त्यानं निघतानाच सांगून टाकलं, "हा रस्ता मी झोपेत चालवीन."

"म्हणूनच दाखवतेय," बाई म्हणाल्या.

चांदोरीचा चहा खरंच बरा निघाला. विंचूरला निळी खूण होती तिथं खरंच पाणी होतं, कडी होती आणि कडी लागतही होती. येवल्यात विणकराच्या घरी बायकांनी माग बघितला, पदरावरचा मोर बघितला. वत्सलाबाईंनी विणकराला त्याच्याच कामाबद्दल माहिती सांगितली. तो बिचारा हो हो म्हणाला. विंचूरपासून तर योगेशच विचारायला लागला होता, "बाई, पुढची खूण कुठली?" बाईंना अगदी गाडीभर पॅसेंजर असल्यासारखं भरून आलं होतं. परतीच्या वाटेवर दीड वाजता फोन बोलला, की तुम्ही पोहोचला आहात. लाल खूण, नाव 'बयामावशी, जेवण'. योगेशनं गाडी बाजूला घेतली.

बारा जणी उतरल्या, साड्या सारख्या केल्या, ओटीचं सामान हातात घेतलं आणि इकडंतिकडं बघू लागल्या.

समोर डांबरी रस्ता होता. एक पत्रा उडालेली निवाऱ्याची शेड होती, एक बंद रसवंती होती आणि एक पाटी होती. पाटीवर लिहिलं होतं: सावरगव्हाण, ४ किमी.

"उज्वलाताई," वत्सलाबाई म्हणाल्या, "घर कुठे आहे?"

बाईंनी शेडकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. मग फोनकडं बघितलं, जणू चूक त्याचीच. पण फोन बिचारा बरोबर होता. बाईंनी जिथं बोट ठेवलं होतं तिथंच त्यानं आणून सोडलं होतं. सावरगव्हाण म्हटल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढं हेच यायचं, ही शेड आणि टोपल्या घेऊन उभी असलेली बयाबाई. पंचवीस वर्षं त्यांनी गाडीत खच्चून ओरडून सांगितलं होतं, "सावरगव्हाण! सावरगव्हाणवाले पुढं या!" आणि सावरगव्हाण त्यांनी आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं.

त्यांनी सगळा नकाशा बोटांनी लहान करून बघितला. नाशिकपासून येवल्यापर्यंत त्यांच्या नकाशात अठरा गावांच्या खुणा होत्या आणि अठराच्या अठरा डांबरावर, ओळीनं. फाटा, फाटा, फाटा. एक खूण रस्ता सोडून हातभर आत गेलेली असेल तर शपथ.

"तुम्ही इथे कधी उतरलाच नाहीत?" वत्सलाबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात शेरा नव्हता, खरंच नवल होतं.

"कंडक्टर उतरून गावात गेली तर गाडी कोण सोडणार?" बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. मग रडू आल्याचा राग आला. तिकडं एक म्हातारी पहाटेपासून चुलीपुढं बसली असेल, आणि आपण इथं नकाशा घेऊन उभ्या. त्यांनी बयाबाईंच्या मुलाला फोन लावला. तो मळ्यात द्राक्षांवर फवारणी करत असणार; फोन वाजून वाजून थकला. फोनमधल्या मोठ्या नकाशात गावाचं नाव शोधलं तर बुद्रुक निघालं, खुर्द निघालं आणि तिसरं एक भलत्याच तालुक्यात निघालं. शिवाय बयाबाई गावात राहत नव्हत्या. वस्तीवर राहत होत्या.

"बाई, चारला निघायला लागतंय बरं का," योगेश म्हणाला. "सहाला माझं दुसरं भाडं आहे."

"निफाडला एखादं हॉटेल असेल की," कोणीतरी हळूच सुचवलं. "जेवून घेऊ. त्यांना फोनवर सांगता येईल नंतर."

"नाही," बाई म्हणाल्या. इतक्या जोरात, की रसवंतीच्या छपरावरचे दोन कावळे उडाले.

त्या गाडीच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. गाव पाहिलं नव्हतं हे खरं. पण बयाबाई रोज गाडीत चढल्या की निमाणीपर्यंत काय बोलायच्या? कुरकुर करायच्या. टोपल्या डोक्यावर घेऊन घरापासून फाट्यापर्यंत येताना काय काय झालं, याची रोजची कुरकुर. तिकिटं फाडता फाडता, पुढं मशीन आल्यावर बटणं दाबता दाबता, बाईंनी ती अर्ध्या कानानं ऐकली होती. अर्ध्या कानानं ऐकलेलं पंचवीस वर्षांत पुष्कळ साठतं.

"योगेश, गाडी आत घ्या," त्या म्हणाल्या.

"कुठं आत?"

"पाटाच्या पुलापर्यंत. पुलाची फरशी हलते म्हणून मावशी तिथं देवाचं नाव घ्यायची."

बाई दाराशी उभ्या राहिल्या, एक हात वरच्या दांडीला. पाट आला, पण पूल नवा, सिमेंटचा, जराही न हलणारा. तेवढ्यात वत्सलाबाई ओरडल्या, "ती बघा, ती जुनी फरशी!" नव्या पुलाच्या बाजूलाच ती पडली होती, गवतात, निवृत्त झाल्यासारखी. गाडीत टाळ्या पडल्या.

"आता मारुतीचा पार. तिथं ती टोपली टेकवायची."

पार आला. पारापाशी रस्ता फुटला, एक डावीकडं, एक उजवीकडं. विचारावं तर चिटपाखरू नाही; सगळं गाव मळ्यात.

"उजवीकडं," बाई म्हणाल्या. "डावीकडून जवळ पडतं, पण पोलीस पाटलाचं कुत्रं अंगावर येतं."

"हे कुत्रं कधीचं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

बाईंनी आठवलं. "असेल दोन हजार चार-पाच सालचं."

गाडीत हशा पिकला. योगेशनं तर स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "अहो, मग ते आता कुठलं असायला? डावीकडूनच जाऊ की!"

"कुत्रं नसेल," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण मावशी उजवीकडून यायची. मला डावीकडचं काही ठाऊक नाही."

गाडी उजवीकडं वळली. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, मध्ये जेमतेम गाडीपुरती वाट, फांद्या काचांवर खरखरत होत्या आणि योगेश प्रत्येक खरखरीला "गेला रंग, गेला" म्हणत होता. आतल्या बारा बायका मात्र आता जत्रेला निघाल्यासारख्या खिडक्यांना चिकटल्या होत्या. पुढं काय, म्हणून जिच्या तिच्या तोंडी एकच.

"चिंच लागेल. तिच्याखाली चिखल असतो." चिंच लागली, आणि जानेवारीतसुद्धा चिखल होता. गाडी रुतू नये म्हणून बायका उतरल्या आणि चिखल तुडवून पलीकडं पुन्हा चढल्या.

"मग निळं दार. पोरानं कुठलासा उरलेला रंग दाराला फासला म्हणून ती आठ दिवस कातावली होती. 'लांबून पोलीस चौकी वाटती' म्हणायची."

आणि दिसलं. कांद्याच्या चाळीच्या पलीकडं, शेणानं सारवलेलं अंगण, आणि त्यामागं लख्ख निळं दार. खरंच चौकीसारखं. अंगणात बाजेवर बयाबाई बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. गाडी थांबली आणि बाई उतरल्या. बयाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"आज लय लेट केलीस गाडी," त्या म्हणाल्या.

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि रडायच्या ऐवजी हसत सुटल्या, कारण बारा जणींमधली एकजण चिखलात चप्पल विसरून आली होती.

जेवणाबद्दल काय सांगावं? बाजरीच्या भाकऱ्या, वर तीळ लावलेल्या. वांगं, वाल, ओला हरभरा घातलेली भाजी. ठेचा असा, की वत्सलाबाईंनी तीनदा "पुरे" म्हटलं आणि चौथ्यांदा मागितला. बायकांनी बयाबाईंची ओटी भरली, त्यांच्या सुनेची भरली. योगेशनं पाच भाकऱ्या खाल्ल्या आणि चारचं नाव काढलं नाही.

ताटं उचलल्यावर बाईंनी फोन काढला आणि बयाबाईंशेजारी बाजेवर बसल्या. "मावशी, तुझं घर आता नकाशात घालते. मगाशी चुकीच्या जागी घातलं होतं. हे बघ, वरून काढलेला फोटो."

बयाबाईंनी फोन नाकाशी धरला. "ही चाळ. ही चिंच. आन् हे पांढरं काय?"

"धुणं वाळत असेल."

"माझं लुगडं!" बयाबाई सुनेला ओरडून म्हणाल्या, "आगं, माझं लुगडं नकाशात गेलंय!" सगळ्या वाकून वाकून ते लुगडं बघून गेल्या. मग बयाबाईंनी विचारलं, "आन् तू कुठं राहती?"

बाईंनी बोटानं नकाशा सरकवला. चांदोरी गेली, आडगाव गेलं, निमाणी आली, मग म्हसरूळ. "हे बघ. हे छप्पर माझं."

"तिथं खूण नाय तुझी."

"माझ्याच घरी जायला मला कशाला खूण लागतीय?"

"तुला नाय लागत. मला लागती." बयाबाईंनी फोन खाली ठेवला. "निमाणीपासनं किती लांब हाय?"

"असेल चार-पाच किलोमीटर."

"मी रोज निमाणीला उतरायचे, बाई. दुपारपर्यंत तिथंच असायचे. तू मला कवा म्हणलीस का, मावशी, घरी ये म्हणून?"

आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. फरशी हलते म्हणायच्या तशाच सुरात त्या म्हणाल्या. पण उज्वलाबाईंना ते आत कुठंतरी जाऊन लागलं. पंचवीस वर्षं आपल्याला बोलावणं येतंय आणि आपण जात नाही, एवढाच हिशेब त्यांनी मांडला होता. पुढं सरक म्हटलं, टोपली आत घे म्हटलं, सुट्टे दे म्हटलं. 'घरी ये' हे त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं नव्हतं हे त्यांना आजपर्यंत कळलंही नव्हतं.

त्या बाजेवरून उठल्या. आता 'एकदा ये' म्हणायची त्यांना भीती वाटली; त्या शब्दांचं काय होतं ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"चल," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"माझ्या घरी. आत्ता. गाडीत एक सीट रिकामी आहे. चार दिवस राहा, मग मीच आणून सोडते."

बयाबाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा गाडीकडं. मग आत गेल्या आणि पाच मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर आल्या. सून "अहो आत्या, गोळ्या घेतल्या का?" म्हणत मागं धावली. "घेतल्या," बयाबाई म्हणाल्या. "हरभऱ्याला पाणी दे म्हणावं त्याला. मी काय चार दिवस येत नाय." वत्सलाबाईंनी आणि योगेशनं मिळून त्यांना गाडीत चढवलं आणि खिडकीची जागा दिली. बाईंनी सईला फोन केला, "रात्रीला मावशी येतेय गं," आणि सईनं "कोण मावशी?" विचारायच्या आत ठेवूनही दिला. मग त्या बयाबाईंशेजारी बसल्या. इतक्या वर्षांत त्या दोघी गाडीत एकमेकींशेजारी कधी बसल्या नव्हत्या. एक बसलेली असायची आणि दुसरी उभी.

गाडी वस्तीवरून निघाली, या खेपेला डावीकडून, कुत्र्याशिवाय. फाट्यावर येऊन डांबराला लागली तेव्हा योगेशनं आरशातून विचारलं, "बाई, आता कुठली खूण?"

उज्वलाबाईंनी सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी बयाबाईच बोलल्या.

"हिच्या घरी."